अळंबीच्या पात्यांत राहणारे आखूड पंखांचे भुंगेरे: ओळखायचे कसे, नोंदवायचे कसे?

खाणमोजणी (धागाकर्ता) | ६ जुलै, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. मी नागपूरचा. कोळशाच्या खाणीत ३१ वर्षं मोजणीचं काम केलं, आता निवृत्त. गेल्या ऑगस्टमध्ये लेकीकडे फिनलंडला गेलो होतो, युवास्क्युला गावी. तिथे घराच्या मागेच जंगल सुरू होतं. स्प्रूस, पाइन आणि बर्च, म्हणजे आपल्या भूर्जपत्राच्या झाडाचा चुलतभाऊ. जंगल कोणाच्याही मालकीचं असो, तिथे अळंब्या आणि बेरी वेचायचा हक्क सगळ्यांना असतो. रविवारी सगळं गाव टोपल्या घेऊन निघतं. आम्हीही निघायचो.

लेक आणि जावई खाण्याच्या अळंब्या शोधायचे. मला त्यातलं काही कळत नाही, म्हणून मी टाकून दिलेल्या अळंब्या उलट्या करून बघत बसायचो. छत्रीच्या खाली जी उभी पाती असतात, त्यांच्या फटींतून बारीक किडे पळायचे. जेमतेम २ मिमी, पिवळट-तपकिरी, डोकं काळं, आणि पाठीवरचं कवच अर्ध्यातच संपलेलं. हात लावला की शेपूट विंचवासारखं वर. एकदा एक मोठाही सापडला: लाल-काळा, जबडे विळ्यांसारखे एकमेकांवर आलेले. जावयानं नेटवर बघून सांगितलं, 'रोव्ह बीटल' आहेत. बस, तेवढंच.

महिनाभर मी वहीत तारीख, वेळ आणि जागा लिहिली. फोटोही आहेत, ४० तरी. आता पाऊस लागलाय आणि इथेही तसे किडे शोधावेत असं डोक्यात आहे. प्रश्न दोन. फिनलंडचे ते ओळखता येतील का? आणि इथे नागपुरात नोंद करायची तर नेमकं काय लिहायचं?

तर्री_जास्त | ६ जुलै, रात्री ९:२६

काकाजी, फिनलंडला जाऊन लोकं नॉर्दर्न लाइट पाहतात, तुम्ही छत्री उलटी करून किडे पाहिले. तुमचा पासपोर्ट जप्त कराले पायजे.

खाणमोजणी | ६ जुलै, रात्री ९:३१

ऑगस्टमध्ये रात्र कुठे होते तिथे धड, दिवे दिसायला!

सहा_पाय | ६ जुलै, रात्री ११:०२

अहो, किती दिवसांनी असा धागा! मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत असे. या कुळाचं नाव स्टॅफिलिनिडी. जगभरात ६०,००० च्या वर जाती वर्णन केलेल्या आहेत, प्राण्यांच्या सगळ्यात मोठ्या कुळांपैकी हे एक. आणि तरी मराठीत याला धड नाव नाही, हे आपलं दुर्दैव.

ते 'अर्ध्यात संपलेलं कवच' हीच यांची खूण. ते पुढचे, टणक पंख. उडायचे पंख त्याच्याखाली घड्या घालून ठेवलेले असतात, आणि घडी घालायला ते आपल्या शेपटीकडच्या भागाचीही मदत घेतात. पोट उघडं राहतं त्यामुळे अंग कुठूनही वळतं. पात्यांच्या फटीत शिरायला याहून चांगली रचना कोणती?

आता तुमचे दोन किडे. बारीक, पिवळट, पात्यांतले: हे बहुतेक गायरोफीना. हा वंश १८३० साली मानरहाइमनं नोंदवला. प्रौढ आणि अळी दोन्ही ताज्या अळंबीच्या पात्यांवरच राहतात, बीजाणू आणि त्यांचा पृष्ठभाग खातात. तोंडाच्या एका भागावर दाट केसांचा ब्रशच असतो, त्यानं खरवडायचं. अळंबी चार-सहा दिवसांत सडणार, म्हणून अळीची वाढही काही दिवसांतच उरकते.

मोठा, लाल-काळा: फोटो टाका, मग बोलू.

ओली_पायवाट | ६ जुलै, रात्री ११:१५

घराची मुदत चार दिवस आणि त्यात लग्न, बाळंतपण, पोरं मोठी करणं. आमचा फ्लॅटचा ताबा सात वर्षांनी मिळाला हो.

बर्फाळ_वैदर्भी | ७ जुलै, पहाटे २:४० (मी स्वीडनमध्ये, इथे रात्रच आहे)

मी मूळचा वर्ध्याचा, आता उमिओजवळ. इथे मी हौसेनं भुंगेऱ्यांच्या नोंदी करतो. लाल-काळा म्हटल्याबरोबर मला लॉर्डिथॉन लुनुलॅटस आठवला. अळंबीवर तो फार दिसतो. डोकं काळं, मानेमागचा भाग लालसर, पंखांवर खांद्याशी फिकट ठिपका, पोट लाल आणि टोकाला काळं. तो अळंबी खात नाही बरं का, अळंबीत माश्यांच्या अळ्या असतात त्या खातो. पक्का शिकारी. प्रचंड पळतो.

सहा_पाय | ७ जुलै, सकाळी ७:५०

बर्फाळ, रंग तसाच असलेला दुसराही आहे: ऑक्सिपोरस रुफस. घोटाळा इथेच होतो. तुम्ही रंगावर जाताय. 'जबडे विळ्यांसारखे एकमेकांवर' हे वाक्य वाचलं नाही का?

बर्फाळ_वैदर्भी | ७ जुलै, दुपारी १२:३०

वाचलं. पण नवखा माणूस कुठल्याही किड्याचे जबडे मोठेच सांगतो. माझ्या आईनं एकदा झुरळाच्या मिशा फूटभर सांगितल्या होत्या. लॉर्डिथॉन ५ ते ७ मिमी, ऑक्सिपोरस ७ ते १२. आकार कळल्याशिवाय मी हलत नाही.

खाणमोजणी | ७ जुलै, दुपारी ४:०५

फोटो लावलाय. शेजारी १ युरोचं नाणं ठेवलं होतं. मोजणीवाला माणूस आहे मी, मापाशिवाय फोटो काढत नाही.

बर्फाळ_वैदर्भी | ७ जुलै, रात्री ८:१०

१ युरोचं नाणं २३.२५ मिमी. किडा त्याच्या निम्म्याला थोडा कमी. म्हणजे १० मिमीच्या आसपास. डोकं रुंद, मानेइतकंच. आणि ओठाजवळच्या मिशीचं शेवटचं पेर फुगून चंद्रकोरीसारखं झालंय, तेही दिसतंय. ऑक्सिपोरस रुफस. मॅडम, मी हरलो. लॉर्डिथॉनचं डोकं निमुळतं, लांबट असतं आणि अंग मागे टोकदार होत जातं.

काका, हा तुमचा किडा लिनियसनं १७५८ मध्येच नोंदवलाय. आणि हा खरोखर अळंबी खातो, पात्यांमध्ये खड्डे पाडत जातो.

तर्री_जास्त | ७ जुलै, रात्री ८:१६

म्हणजे नाणं ठेवल्यानं केस जिंकली. अन् आमच्या इकडं पुरावा म्हणून नाणं ठेवलं तर नाणंच गायब होते.

शंकासुर | ७ जुलै, रात्री ९:४४

मी जरा उलटं विचारतो, राग मानू नका. २ मिमीचा किडा, नाव लॅटिन, राहतो फिनलंडच्या कुजक्या छत्रीत. त्याचं नाव कळून कोणाचं काय भलं होणार? इथे नाग नदीचं गटार झालंय, त्यावर कोणी धागा काढत नाही.

सहा_पाय | ७ जुलै, रात्री १०:३०

नाग नदीवर तुम्ही काढा, मी पहिला प्रतिसाद देईन.

या किड्यांचं म्हणाल तर उत्तरेकडच्या जंगलांत त्यांच्याकडे बघून जंगलाचं वय कळतं. तिथली बरीचशी जंगलं लाकडासाठी लावलेली आणि कापलेली आहेत. तिथे पडलेले जुने ओंडके कमी, म्हणून ओंडक्यावर वाढणाऱ्या कठीण बुरशाही कमी. गायरोफीना बोलेटी नावाचा एक आहे, तो स्प्रूसवरच्या लाल पट्ट्याच्या कठीण बुरशीवर राहतो, फोमिटॉप्सिस पिनिकोला. ओंडके उचलून नेले की बुरशी गेली, आणि बुरशी गेली की हा गेला. किडा मोजणं म्हणजे मेलेली झाडं शिल्लक आहेत की नाही ते मोजणं.

शंकासुर | ७ जुलै, रात्री १०:४१

हे पटलं. पण मग ओंडकेच मोजा ना सरळ!

बर्फाळ_वैदर्भी | ८ जुलै, पहाटे १:०५

ओंडकेही मोजतात. पण ओंडका काल पडलेला की शंभर वर्षं त्या जंगलात ओंडके सतत पडत आलेत, हे ओंडका सांगत नाही. किडा थोडंफार सांगतो.

सात्याप्रेमी | ८ जुलै, सकाळी ६:५५

आमच्या गडचिरोलीकडं आता सात्या निघाल्या. खायच्या अळंब्याच त्या, वारुळावर येतात, पहिल्या दोन-चार पावसानंतर. बाजारात मटणापेक्षा महाग. धुवायला घेतल्या की पात्यांतून बारीक काळे-तपकिरी किडे निघतात, मिठाच्या पाण्यात टाकल्या की वर तरंगतात. तेच का हे? आजी म्हणायची, किडा खातो म्हणजे माणसानं खायला हरकत नाही, विषारी छत्रीला किडा शिवत नाही.

सहा_पाय | ८ जुलै, सकाळी ८:२०

सात्याप्रेमी, आजींना नमस्कार, पण हे वाक्य कोणीही घरात चालू ठेवू नका. जगातल्या सगळ्यात घातक अळंब्यांनाही किडे, अळ्या, गोगलगायी लागतात. अमॅनिटा वंशातल्या ज्या अळंब्यांनी यकृत निकामी होतं, त्यांतही माश्यांच्या अळ्या सुखानं वाढतात. काही फळमाश्यांना ते विष बाधतच नाही. त्यातून माणसाला लक्षणं दिसायला सहसा सहा ते बारा तास लागतात, तोवर जेवण पचून गेलेलं. सात्या तुमच्याकडची जुनीजाणती माणसं वारुळ बघून, मुळाशी लांब शेपूट बघून ओळखतात, ते ज्ञान वेगळं. किडा बघून नाही.

बाकी सात्या आणि वाळवी ही स्वतंत्रच गोष्ट आहे. वाळवीच वारुळात ती बुरशी पिकवते, टर्मिटोमायसिस तिचं नाव. आणि आखूड पंखांच्या भुंगेऱ्यांत असेही आहेत जे वाळवीच्या घरातच पाहुणे म्हणून राहतात. काहींचं पोट इतकं फुगलेलं असतं की तो भुंगेरा आहे यावर विश्वास बसत नाही.

तुमचे मिठाच्या पाण्यातले कोण, ते फोटो पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

सात्याप्रेमी | ८ जुलै, सकाळी ८:३४

फोटोपर्यंत थांबलो तर सात्या उरणार नाही मॅडम. पण पुढच्या खेपेला नक्की. अन् आजीचं वाक्य आता आईला सांगतो. ती मानते का नाही, देव जाणे.

त्वचा_आणि_वाचा | ८ जुलै, दुपारी २:१५

धागा वाचून राहवलं नाही. मी त्वचारोगतज्ज्ञ, नागपुरातच. जुलै ते सप्टेंबर आमच्याकडे रोज कोणी ना कोणी मानेवर, डोळ्याजवळ भाजल्यासारखा लाल पट्टा घेऊन येतं. 'ऍसिड किडा' म्हणतात त्याला. तो याच कुळातला, पेडेरस. नारिंगी-काळा, मुंगीसारखा, पंख निळसर-हिरवट आणि आखूड.

तो चावत नाही, डंखही मारत नाही. अंगावर चिरडला की त्याच्या अंगातलं पेडेरिन कातडीला लागतं. पट्टा दुसऱ्या दिवशी दिसतो, त्यामुळे लोकांना कळतच नाही काय झालं ते. नागीण समजून मंत्र घालून येतात. २०२२ मध्ये सिक्कीममधल्या एका कॉलेजात याच जातभाईंनी बऱ्याच मुलांना त्रास दिला होता, तेव्हा पेपरात 'नैरोबी माशी' म्हणून बातम्या आल्या. माशीही नाही आणि नैरोबीहून आलेलीही नाही.

अंगावर बसला तर फुंकर मारा, चापट मारू नका. चिरडलाच तर साबणानं लगेच धुवा आणि तो हात डोळ्याला लावू नका. खाणमोजणी काका, तुम्ही किडे हातानं उचलताय का?

तर्री_जास्त | ८ जुलै, दुपारी २:२०

ईडा, पीडा, ऍसिड किडा घेऊन जा गे मारबत!

खाणमोजणी | ८ जुलै, दुपारी ३:००

डॉक्टर, फिनलंडला हातानंच उचलत होतो. काही झालं नाही. तरी आता ब्रश घेईन. तिकडच्या अळंबीच्या चाकूला दुसऱ्या टोकाला ब्रश असतोच, माती झटकायला. एक आणलाय.

धुऱ्यावरून | ८ जुलै, सायंकाळी ६:४८

डॉक्टरसाहेब, तो ऍसिड किडा आमच्या धानात ढिगानं रायते. बांधीत उतरलं का दिसतेच. पण त्याले मारू नका म्हणून कृषी सहायक सांगून गेला होता, तुडतुडे खाते म्हणे तो. खरं हाय का?

सहा_पाय | ८ जुलै, रात्री ९:०५

खरं आहे. पेडेरस शिकारी आहे, धानावरचे तुडतुडे आणि इतर बारीक किडे खातो. रात्री दिव्याकडे येतो म्हणून माणसाशी गाठ पडते. घरात दिवा कमी आणि खिडकीला जाळी, एवढं केलं की त्याचं शेत त्याला आणि आपलं घर आपल्याला.

ओली_पायवाट | ८ जुलै, रात्री ९:२०

मला मृगाचा किडा आठवला. लाल मखमली, लहानपणी काड्यापेटीत ठेवायचो. तोही याच खानदानातला का?

सहा_पाय | ८ जुलै, रात्री ९:२८

नाही हो. त्याला आठ पाय, तो किडाच नव्हे, कोळ्या-गोचिडांच्या बाजूचा. नाव तेवढं किड्याचं.

बारीक_अक्षर | ८ जुलै, रात्री १०:१२

'अळंबी' की 'अळिंबी' की 'आळंबी'? शीर्षकात एक, प्रतिसादात दुसरं.

तर्री_जास्त | ८ जुलै, रात्री १०:१३

आमच्याकडे 'कुत्र्याची छत्री'. कुत्र्याले विचारून शुद्धलेखन ठरवा.

खाणमोजणी | ९ जुलै, सकाळी १०:००

ऑक्सिपोरसचं कळलं, धन्यवाद. बारीक पिवळ्यांचे ३१ फोटो आहेत. मॅडम, गायरोफीना कोणता ते सांगा, म्हणजे वहीत नाव लिहून टाकतो.

सहा_पाय | ९ जुलै, सकाळी ११:३०

काका, इथे जरा वाईट बातमी. गायरोफीनाच्या जाती फोटोवरून ठरवणं बहुतेक वेळा अशक्य. २ मिमीचे सगळे पिवळे, सगळ्यांची डोकी काळी. भिंगाखाली आधी पायांची टोकं मोजायची: पुढच्या पायाला ४ पेरं, मधल्याला ४, मागच्याला ५. त्यावरून तो या गटातला एवढं कळतं. मग नराच्या पोटाच्या शेवटच्या पट्ट्यांवर बारीक उंचवटे, दाते असतात, त्यांची मांडणी बघायची. आणि शेवटी नराचं जननांग काढून, काचपट्टीवर ठेवून, चित्रांशी ताडून बघायचं. त्याशिवाय जात सांगणारा माणूस धाडसी म्हणायचा.

तर्री_जास्त | ९ जुलै, सकाळी ११:३४

आपल्याले आधार कार्डावर अंगठा द्यायचं जीवावर येते. या बिचाऱ्यांकडून काय काय मागतात!

सहा_पाय | ९ जुलै, सकाळी ११:५०

😄 म्हणून 'गायरोफीना, जात अनिश्चित' एवढंच लिहा. ती नोंद अपुरी नाही. चुकीचं नाव लिहिलेली नोंद मात्र दहा वर्षं कोणाच्या तरी मानगुटीवर बसते.

मला दुसरंच विचारायचंय. त्या ३१ फोटोंतल्या अळंब्या कोणत्या होत्या?

खाणमोजणी | ९ जुलै, दुपारी १२:१०

...

लिहिलं नाही.

तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश पाच दशांशांपर्यंत, तापमान, ढग. अळंबीच्या रकान्यात नुसतं 'छत्री'. ३१ वेळा 'छत्री'.

बर्फाळ_वैदर्भी | ९ जुलै, दुपारी १:४५

काका, हेच माझंही झालं होतं, पहिले दोन उन्हाळे. किड्याकडे बघताना घर दिसतच नाही. फोटोंत छत्रीची कड दिसत असेल, रंग दिसत असेल, तर काहींवरून वंश तरी लागेल. रुसुला आणि लॅक्टेरियस तिकडे फार. तोडल्यावर दुधासारखा चीक आला होता का, असं काही आठवतंय? तसं असेल तर लॅक्टेरियस.

फिनलंडसाठी 'लाजी' नावाचं त्यांचं राष्ट्रीय संकेतस्थळ आहे, तिथे 'विहको' म्हणजे वही, त्यात कोणीही नोंद टाकू शकतो. स्वीडनमध्ये आम्ही 'आर्टपोर्टालेन' वापरतो. तुमचा ऑक्सिपोरस तिथे टाकाच, फोटो आणि माप दोन्ही आहे. फिनिशमध्ये या कुळाला 'ल्युह्युत्सीपिसेत' म्हणतात, म्हणजे आखूड पंखवाले. स्वीडिशमध्येही तेच, 'कोर्टविंगार'. जर्मनमध्येही आखूड पंखच.

खाणमोजणी | ९ जुलै, दुपारी २:३०

लेकीला फोन केला. ती म्हणते, बाबा, तुम्ही उलट्या करून बघत होतात त्यातल्या निम्म्या मीच टाकल्या होत्या आणि त्या सगळ्या तिखट रुसुला होत्या. चाखून थुंकून बघतात म्हणे तिथे, तिखट लागली की टाकायची. म्हणजे निम्म्यांचं वंशापुरतं जमलं. पण निम्म्या कोणत्या, ते ती सांगू शकत नाही.

त्वचा_आणि_वाचा | ९ जुलै, दुपारी २:५०

हे चाखून बघणं इथे कोणी करू नका. कृपया.

फुटाळा_फोकस | ९ जुलै, रात्री ८:३०

नावावरून: आपण याला 'बंडीवाला भुंगेरा' का म्हणू नये? बंडी कशी, कमरेच्या वर संपते, खाली पोट मोकळं. आमच्या आजोबांचं तंतोतंत चित्र.

धुऱ्यावरून | ९ जुलै, रात्री ८:३६

एक नंबर. माह्या बापाची बंडी अन् पोट, दोन्ही असेच.

बारीक_अक्षर | ९ जुलै, रात्री ९:०१

'बंडीवाला'ला माझा आक्षेप नाही. हे मी क्वचितच म्हणतो.

खाणमोजणी | १० जुलै, सकाळी ९:१५

ठरलं, बंडीवाला. आता पुढचं सांगा. नागपुरात कुठे जाऊ? गोरेवाडा, सेमिनरी हिल्स, अंबाझरी असं डोक्यात आहे. पेंचला जाऊन दोन दिवस राहावं असाही विचार आहे.

हिरवा_फाटक | १० जुलै, सकाळी ९:५०

काकाजी, थांबा. पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला, इथून परवानगीशिवाय एक छत्रीही उचलता येत नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा. पाहणं आणि फोटो वेगळं, डबीत भरणं वेगळं. शहरातल्या टेकड्या-तलावांचीही जागा बरीचशी वनविभागाकडे आहे, तिथेही आधी विचारा. आणि नमुने बाहेरच्या देशातल्या तज्ज्ञाला पोस्टानं पाठवायचा विचार असेल तर तो सोडाच. २००२ चा जैवविविधता कायदा आहे, चेन्नईच्या प्राधिकरणाची मंजुरी लागते. एखाद्या हौशी माणसानं किडा पाठवला आणि अडकला, असं नको व्हायला.

स्वतःचं परसू, ओळखीच्याचं वावर, हे सगळ्यात बरं.

धुऱ्यावरून | १० जुलै, सकाळी १०:२०

धानाच्या तणसाच्या ढिगावर पाहा. पावसानं भिजलं का छत्र्याच छत्र्या.

खाणमोजणी | १० जुलै, सकाळी १०:२५

मेव्हण्याचं वावर आहे रामटेककडे. तणसही आहे, आणि धुऱ्यावर दोन वर्षांपूर्वी पडलेल्या आंब्याचं खोडही. तो आधीच मला वेडा समजतो, त्यामुळे जास्त समजवावं लागणार नाही.

फुटाळा_फोकस | १० जुलै, दुपारी १:१०

मोबाइलला लावायची मॅक्रो भिंग मिळते बर्डीवर, तीनचारशे रुपयांत, चालते. महत्त्वाची युक्ती: किडा डबीत घालून चार-पाच मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, मग काढा. सुस्तावतो. मिनिटभर तरी फोटो देतो.

बर्फाळ_वैदर्भी | १० जुलै, दुपारी ३:३०

पकडण्याबद्दल: अळंबी हलली की बंडीवाले पात्यांतून उड्या टाकतात. म्हणून आधी खाली पांढरं ताट किंवा कापड धरा, मग देठ कापा आणि छत्रीवर टिचकी मारा. उचलायला ओला ब्रश, किंवा तोंडानं ओढायची नळी, मध्ये जाळी लावलेली. जाळी विसरू नका. मी एकदा विसरलो होतो.

तर्री_जास्त | १० जुलै, दुपारी ३:३२

चव कशी होती? तर्रीत चालेल का?

बर्फाळ_वैदर्भी | १० जुलै, दुपारी ३:४०

मिरपुडीसारखी. खरंच.

सहा_पाय | १० जुलै, रात्री ९:४५

काका, आता नोंदीचं नीट सांगते, कारण तुमच्या मूळ प्रश्नाचा हा भाग मधे हरवलाच.

किड्यापेक्षा अळंबीबद्दल जास्त लिहा. ती कशावर उगवली: जमिनीवर, तणसावर, खोडावर, आणि खोड कशाचं. छत्रीचा वरचा रंग, खालची पाती की भोकं, पाती देठाला चिकटलेली की सुटी, देठाला कडं आहे का. एक छत्री काळ्या-पांढऱ्या कागदावर रात्रभर उपडी ठेवा, बीजाणूंचा ठसा पडतो, त्याचा रंग लिहा. आणि अळंबी किती ताजी, हे फार महत्त्वाचं: आज उमललेली, पिकलेली, की पाणी सुटलेली. कारण पाहुणे बदलत जातात. ताज्या पात्यांवर गायरोफीनासारखे बीजाणू खाणारे, अळ्या पडल्या की शिकारी, आणि सडायला लागली की कुजक्या कशावरही येणारे वेगळेच बंडीवाले. 'सडकी' आणि 'ताजी' न लिहिता केलेली यादी म्हणजे लग्नाचे पाहुणे आणि मांडव सोडायला आलेली माणसं एकाच वहीत लिहिण्यासारखं.

छत्र्या किती तपासल्या तेही लिहा, रिकाम्या निघाल्या त्याही. सगळे हेच विसरतात.

दोन-चार किडे ठेवायचे तर ७० ते ८० टक्के अल्कोहोलमध्ये, आणि चिठ्ठी पेन्सिलनं लिहून बाटलीच्या आत. पेनाची शाई विरघळते. फोटो आयनॅचरलिस्टवर टाका (कोणीही निसर्गाच्या नोंदी टाकू शकतो असं संकेतस्थळ आहे), 'स्टॅफिलिनिडी' एवढंच लिहिलं तरी चालतं, आणि अळंबीची वेगळी नोंद करून दोन्ही एकमेकींना जोडा.

भारतातल्या जातींसाठी मुख्य आधार अजूनही जुनाच आहे. माल्कम कॅमेरॉन म्हणून नौदलातले डॉक्टर होते, पुढे देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत आले. त्यांनी 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया'चे या कुळावरचे खंड लिहिले, १९३० ते १९३९. गायरोफीनाचा सगळा पसारा शेवटच्या खंडात. पण त्यात चित्रं कमी, आणि जननांगांची तर त्या काळी पद्धतच फारशी नव्हती. म्हणजे नाव लागलं तरी शंका उरतेच. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र पुण्याला आहे, पुढे कधी नमुने जमले तर तिथे विचारता येईल.

शंकासुर | १० जुलै, रात्री १०:०५

म्हणजे नव्वद वर्षांपूर्वीचं पुस्तक घेऊन, चित्राशिवाय, २ मिमीचा किडा, मेव्हण्याच्या वावरात. काका, मी येऊ का सोबत?

खाणमोजणी | १० जुलै, रात्री १०:०८

या. रविवारी सकाळी ६ वाजता. डबा मी आणतो, छत्री तुम्ही आणा. खरी छत्री.

खाणमोजणी | १३ जुलै, रात्री ९:३०

वृत्तांत. मी आणि शंकासुर, रविवारी साडेसात ते साडेअकरा. चिखल भरपूर.

तणसावर १७ छत्र्या, बहुतेक पाणी सुटलेल्या. त्यांत माश्यांच्या अळ्या आणि ६ बंडीवाले, काळे, ३-४ मिमी, फार चपळ. आंब्याच्या खोडावर ९ छत्र्या, पांढरट, पाती असलेल्या. त्यातल्या ५ आज-कालच्या, ४ जुन्या. ताज्या पाचांपैकी तिघींत बारीक पिवळे, काळ्या डोक्याचे, एकूण ११. शेपूट वर. तिकडे पाहिले त्यांच्यासारखेच. ताज्या दोन रिकाम्या. जुन्या चारही रिकाम्या, निदान पिवळ्यांपासून.

धुऱ्यावरच्या गवतात पेडेरस दोन. शंकासुरांच्या मानेवर तिसरा बसला होता. मी फुंकर मारली, डॉक्टर.

शंकासुर | १३ जुलै, रात्री ९:४१

फुंकर म्हणजे वादळ होतं ते. कान अजून वाजतोय. आणि मान्य करतो, भिंगातून ते पिवळं पोर शेपूट वर करून माझ्यावर धावून आलं तेव्हा हसू आवरेना. २ मिमीची काय ती ऐट!

त्वचा_आणि_वाचा | १३ जुलै, रात्री ९:५०

उद्या मान बघून घ्या एकदा.

खाणमोजणी | १३ जुलै, रात्री १०:०२

एक अडचण झाली. डब्या फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या, फोटोसाठी, चार मिनिटं. फोन आला आणि विसरलो. सौ.नं दह्याशेजारची डबी उघडली. सात किडे स्वयंपाकघरात सुटले. चार परत मिळाले, ओट्याच्या कडेला. आता माझ्या डब्यांना बाहेरच्या खोलीतल्या जुन्या कूलरवर जागा मिळाली आहे.

तर्री_जास्त | १३ जुलै, रात्री १०:०५

काकूंची नोंद: तारीख १३ जुलै, जागा ओटा, यजमान दही, ताजं.

सहा_पाय | १३ जुलै, रात्री १०:४०

तीन ताज्या छत्र्यांत होते, जुन्या चारांत एकही नाही. काका, हे किती सुंदर आहे तुम्हाला कळतंय का? आकडे लहान आहेत, यावरून काही सिद्ध होत नाही, पण ऑगस्ट संपेपर्यंत दर रविवारी त्याच खोडावर गेलात तर काहीतरी हाती लागेल.

ठसा घेतला का? पाती देठाला कशी होती? आणि देठ?

खाणमोजणी | १३ जुलै, रात्री १०:५२

ठसा कागदावर आहे, सकाळी बघतो. पाती देठावर थोडी उतरलेली. कडं नाही. देठ नऊही मोजले. सगळ्यात लांब ४१ मिमी, सगळ्यात आखूड १४. यावेळी 'छत्री' एकदाही लिहिलं नाही.